ग्रंथालयातील बालदालन : कात्री, खळ आणि पुस्तक

महाराष्ट्राबाहेर मराठी माणूस जेथे जेथे स्थिरावला, तेथे तेथे त्याने बहुधा तीन गोष्टी उभ्या केल्या : एखादे देऊळ, सार्वजनिक गणेशोत्सव आणि वाचनालय. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, तर हैदराबादचे मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ सालचे. आपल्या वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन या संस्था उभारल्या, याचा आम्हांला सार्थ अभिमान आहे. तथापि यांपैकी कोणत्याही वाचनालयात आज संध्याकाळी पाऊल टाकावे, तर काय दृष्टीस पडते? एक लांबलचक टेबल, त्यावर पसरलेली वर्तमानपत्रे, भोवती बसलेली ज्येष्ठ मंडळी, भिंतीला लागून कुलूपबंद कपाटे आणि दर्शनी भागी ‘शांतता राखा’ अशी पाटी. आठ वर्षांच्या मुलाने येथे यावे तरी कोठे? खुर्चीवर बसला तर त्याचे पाय लोंबकळतात, कपाटाजवळ गेला तर काच आडवी येते आणि तोंड उघडले तर पाटी दटावते.

वाचनालयात मुलांची ये-जा नसणे ही केवळ गैरसोयीची बाब असती, तर आम्ही त्यासाठी या मासिकाची पाने अडवली नसती. प्रश्न याहून खोल आहे. आपल्या घरांतली मुले मराठी बोलतात, पण शाळेत शिकतात गुजराती, हिंदी, कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमातून. त्यांचे मराठी कानावर आणि जिभेवर आहे, डोळ्यांपुढे मात्र क्वचितच येते. आजीशी अस्खलित बोलणारी नात आजीने लिहिलेले पत्र वाचताना अडखळते, हे दृश्य आता कोणत्याच घराला नवे राहिलेले नाही. घरी सक्तीने वाचायला बसवावे, तर मराठी ही आणखी एका शिकवणीची भाषा होऊन बसते. सक्ती नाही, परीक्षा नाही, आणि तरीही छापील मराठी मुलाच्या हाती पडते, अशी जागा आम्हांला एकच दिसते. ती म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. मात्र तेथे मुलांना बोलावण्याची रीत आपण शिकली पाहिजे.

बडोद्याचा वारसा

ही रीत आपल्याकडे अगदीच नवी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. हा इतिहास आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतो. त्याच्या मागोमाग त्यांनी ग्रंथालयांकडे लक्ष का वळवले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. शाळेत चार-पाच वर्षांत मिळवलेले अक्षरज्ञान पुढे पुस्तकांची सोबत न मिळाल्यास विरून जाते आणि सरकारने शिक्षणावर केलेला खर्च वाळूत ओतलेल्या पाण्यासारखा होतो, ही या चळवळीमागची जाणीव होती. शाळा अक्षर देते. ते टिकवण्याचे काम ग्रंथालयाचे.

अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून महाराज प्रभावित झाले होते. त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना पाचारण केले. १९१० मध्ये बॉर्डन बडोद्यास आले आणि तीन वर्षे राहिले. याच काळात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. खेडोपाडी लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जाऊ लागली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नच्या चित्रांचे खेळ होत. स्त्रियांसाठी वेगळी सोय होती, आणि मुलांसाठीही निराळे दालन होते. या दालनात पुस्तकांबरोबर चित्रे होती आणि बैठे खेळही होते. राज्याच्या मुख्य ग्रंथालयात मुलांना खेळू द्यावे, हा विचार एका शतकापूर्वी किती धाडसाचा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी! पुढे श्रीसयाजी बालज्ञानमालेतून मुलांसाठी सोप्या भाषेतील पुस्तकेही निघाली. ज्या बडोद्यात मुलाला आधी खेळायला आणि मग वाचायला बोलावले गेले, त्याच बडोद्यातील मराठी घरांत आज मुलांचे मराठी वाचन ओसरत आहे. सयाजीरावांना खेड्यातील नवसाक्षरांविषयी जी भीती वाटत होती, ती आज आपल्या सुशिक्षित घरांतील मुलांच्या बाबतीत खरी ठरू पाहत आहे.

हाताकडून डोळ्याकडे

ग्रंथालयात कात्री आणि खळ कशासाठी, असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी विचारतात. कागदकाम शाळेत व्हावे, ग्रंथालयात वाचन व्हावे, असे त्यांचे म्हणणे. वरकरणी ते रास्त वाटते. परंतु मुलांच्या शिक्षणाचा ज्यांनी आयुष्यभर विचार केला, त्यांचा अनुभव वेगळा आहे. १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर सुरू केले. पुढे तेथे रुजू झालेल्या ताराबाई मोडक यांनी ते काम मराठी मुलखात आणले. आधी बोर्डीस आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर. शिंपले, बिया, पाने, माती, खडे अशी गावात फुकट मिळणारी साधने त्यांनी बालवाडीत आणली. मुलाचा हात गुंतला की त्याचे मन गुंतते आणि गुंतलेले मन आपोआप विचारू लागते, हे त्यांच्या कार्यातून महाराष्ट्राने पाहिले. गुजरात आणि महाराष्ट्र यांनी मिळून दिलेला हा धडा निदान आपण, दोन्ही भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांनी, विसरता कामा नये.

मात्र येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कोणतीही हस्तकला ग्रंथालयात आणली म्हणजे झाले, असे नव्हे. कागदी फुले करून मुले घरी गेली आणि कपाटे बंदच राहिली, तर तो छंदवर्ग झाला. त्याला ग्रंथालयाची जागा कशाला हवी? आमच्या मते या कार्यक्रमांची कसोटी एकच : कृती पुस्तकातून निघाली पाहिजे आणि तिने मुलाला पुन्हा पुस्तकाकडे नेले पाहिजे. कात्री हे दार आहे, घर नव्हे.

पुस्तकातून निघणाऱ्या कृती

दिवाळीतील किल्ल्याचेच उदाहरण घ्या. परमुलखातही मराठी मुले अंगणात मातीचा किल्ला रचतात. अंगण उरले नसेल तर सदनिकेच्या सज्जात रचतात. बहुतेक किल्ले म्हणजे एक ढिगारा, वर एक झेंडा आणि बाजारातून आणलेले मावळे. आम्ही काही वर्षे दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेतील मुलांना ग्रंथालयात नेऊन राजगड करायला सांगत आलो आहो. टेबलावर पुठ्ठा, शाडू, वाळू आणि शेजारी किल्ल्यांवरची चार पुस्तके. पहिल्या अर्ध्या तासात पुस्तकांना कोणी हात लावत नाही. मग संजीवनी माची कोणत्या बाजूला, यावरून भांडण जुंपते. भांडण मिटवायला पुस्तक उघडावेच लागते. पद्मावती उत्तरेला, सुवेळा पूर्वेच्या अंगाला, संजीवनी पश्चिमेच्या अंगाला आणि मध्ये बालेकिल्ला, हे एकदा नकाशात सापडले की पुढचे प्रश्न आपोआप येतात : चिलखती तटबंदी म्हणजे काय? चोरदरवाजा कशाला? ‘माची’, ‘बुरूज’, ‘नेढे’ हे शब्द कोणी फळ्यावर लिहून पाठ करून घेत नाही. ते मातीबरोबर बोटांना चिकटतात.

दुसरी कृती चित्रकथीची. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर मंडळींनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. एकामागून एक चित्र पुढे धरायचे आणि गात, बोलत कथा सांगायची. या चित्रांच्या संचाला ते ‘पोथी’ म्हणतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मुलांना एखादी गोष्ट वाचून दाखवावी, तिचे आठ प्रसंग त्यांनीच निवडावेत, आठ जणांनी आठ चित्रे काढावीत आणि शेवटी प्रत्येकाने आपले चित्र हाती धरून तेवढा प्रसंग मराठीत सांगावा. कोणते प्रसंग घ्यायचे आणि कोणते गाळायचे, हे ठरवताना गोष्ट मुले दोनदा-तीनदा वाचतात. जे मूल चारचौघांत मराठी बोलायला लाजते, तेही चित्राआडून बोलू लागते, असा आमचा अनुभव आहे.

तिसरी कृती आमच्या भागापुरती, पण तिचे अनुकरण इतरत्र होऊ शकेल. गुजराती माध्यमात शिकणाऱ्या मुलाला देवनागरी अनोळखी वाटते. हिंदीच्या तासापुरताच तिचा संबंध. त्याला रंगीत कागदातून दोन्ही लिप्यांची अक्षरे कापायला द्यावीत. ग, न, प, म, र यांवरची शिरोरेषा कात्रीने उडवली की जवळजवळ गुजराती अक्षर हाती येते. अ, क, ख, च, ज, ब यांची वळणे मात्र निराळी आहेत, हेही कात्रीलाच कळते. मग एक दोरी बांधून तिला देवनागरी अक्षरे दोरीवरच्या धुण्यासारखी लटकवली, की शिरोरेषा म्हणजे काय हे समजावण्याची गरज उरत नाही. दोन लिप्या म्हणजे एकाच घरातल्या दोन बहिणी, हे मुलाला ज्या दिवशी उमगते, त्या दिवसापासून मराठी पुस्तकाची भीती निम्मी होते.

आणि सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे स्वतः पुस्तक बांधणे. एक मोठा कागद घ्यावा. एकदा दुमडला की दोन पाने, दोनदा दुमडला की चार, तिसऱ्यांदा दुमडला की आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे. छापखान्यात यालाच सोळा पानी फर्मा म्हणतात, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात. पाठीच्या घडीवर दाभणाने तीन भोके पाडावीत. हे काम मोठ्यांनी करावे. मधल्या भोकातून दोरा घालून दोन्ही टोकांच्या भोकांतून फिरवून पुन्हा मध्ये आणून गाठ मारावी आणि मग कडा कापून पाने मोकळी करावीत. जुन्या लग्नपत्रिकेचे जाड मुखपृष्ठ, त्यावर नाव, लेखक म्हणून स्वतःचे नाव. आत आजीकडून ऐकलेली गोष्ट, आजोळच्या गावाची माहिती, किंवा घरच्या एखाद्या पदार्थाची कृती. काहीही, पण मराठीत. शुद्धलेखनाची लाल शाई त्या दिवशी घरी ठेवावी. अशी पुस्तके ग्रंथालयाच्या कपाटात क्रमांक घालून ठेवली, की आपले पुस्तक कोणी नेले हे पाहायला मूल दर आठवड्याला येते, आणि आले की दुसरे पुस्तक घेऊन जाते.

चिकटवण्यासाठी बाजारातील डिंकाची गरज नाही. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवला की उत्तम खळ होते. चिमूटभर तुरटी घातली तर ती थोडी अधिक टिकते. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या खळीत कदापि घालू नये.

कार्यक्रमाची बैठक

कार्यक्रम लहान असावा आणि नियमित असावा. वर्षातून एकदा दोनशे मुलांचा मेळावा भरवण्यापेक्षा दर पंधरवड्याला वीस-पंचवीस मुलांची बैठक शतपटीने फलदायी. सहा ते आठ आणि नऊ ते बारा अशा वयाच्या दोन तुकड्या कराव्यात. दीड तास पुरेसा आहे. आरंभी वीस मिनिटे गोष्ट, मग पाऊण तास हातकाम आणि उरलेल्या वेळात हात धुऊन पुस्तके चाळणे व घरी नेणे. हात धुण्याची बादली आणि पंचा हे या कार्यक्रमाचे अविभाज्य साहित्य समजावे. बसायला सतरंजी, पुस्तके मुलांच्या हाताला येतील इतक्या खालच्या फळीवर, मुखपृष्ठ समोर करून मांडलेली. गोष्ट सांगणारे मोठे वक्ते नकोत. स्पष्ट वाचणाऱ्या आजी-आजोबांहून चांगला कथाकार आम्हांला अद्याप भेटलेला नाही.

बक्षिसे टाळावीत. बक्षीस आले की पालक मुलाचे चित्र स्वतः पूर्ण करू लागतात आणि पहिल्या तिघांखेरीज उरलेली मुले पुढच्या वेळी येत नाहीत. शुल्कही घेऊ नये. जुनी वर्तमानपत्रे, दिनदर्शिकांच्या कोऱ्या पाठी, लग्नपत्रिका, बुटांची खोकी एवढे साहित्य आपल्या घरोघरी पडून असते.

मराठी बालपुस्तके परप्रांतीच्या ग्रंथालयात अपुरी असतात, ही तक्रार खरी आहे. परंतु बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि विंदा करंदीकरांच्या बालकविता आजही छापून मिळतात. गावाहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने मिठाईच्या पुड्याबरोबर एक बालपुस्तक आणावे, एवढा संकेत रूढ झाला तरी दोन वर्षांत एक फळी भरेल.

कुलूप आणि भीती

सर्वांत मोठी अडचण पैशाची नसून भीतीची आहे. मुले पाने फाडतील, पुस्तके हरवतील आणि त्याची भरपाई आपल्या पगारातून होईल, अशी धास्ती अनेक ग्रंथपालांच्या मनात असते. म्हणून कपाटाला कुलूप लागते. ती धास्ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. शासकीय नोकरीत साठानोंदवहीचा धाक काय असतो, हे आम्हीही जाणतो. परंतु केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतही असे मान्य केले आहे की, वर्षभरात देवघेव झालेल्या वा वाचकांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे, हयगय वा अप्रामाणिकपणा नसेल तर, वाजवी समजावे; दुर्मीळ आणि हजार रुपयांहून अधिक किमतीच्या ग्रंथांची मात्र चौकशी व्हावी. बालपुस्तके बहुधा या मर्यादेच्या पुष्कळ खालची असतात. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी असला, तरी त्यामागील शहाणपण प्रत्येक वाचनालयाच्या कार्यकारिणीने आपल्या ठरावात उतरवून घ्यावे. ग्रंथपालाला लेखी अभय मिळाले की कुलूप आपोआप उघडते. फाटलेली पाने जोडण्याचे काम तर मुलांनाच द्यावे. ज्याने एकदा पातळ कागद आणि खळ घेऊन पान सांधले, तो पुन्हा पान फाडत नाही.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा, हे त्यांतील दोन नियमांचे सार. आपल्या वाचनालयांत वाचकाची वाट पाहत पिवळी पडलेली पुस्तके आहेत आणि आपल्या घरांत पुस्तकाची वाट न पाहणारी मुले आहेत. या दोहोंची गाठ घालून देणारे कोणीतरी हवे, एवढेच.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपल्या सर्व मंडळांनी पेढे वाटले. ते योग्यच झाले. परंतु दर्जा भाषेच्या भूतकाळाला मिळतो; भविष्यकाळ तिला वाचणाऱ्या मुलांकडूनच मिळतो. १४ ते २० नोव्हेंबर हा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह, आणि त्याचा पहिला दिवस बालदिनाचा. प्रत्येक गावच्या मराठी मंडळाने त्या दिवशी आपल्या वाचनालयातील किंवा जवळच्या शासकीय ग्रंथालयातील एक कोपरा मागून घ्यावा. एक सतरंजी, चार कात्र्या, एक वाटी खळ आणि खालच्या फळीवर वीस पुस्तके, एवढ्यावर प्रारंभ करता येतो. वर्षअखेर किती मुले आली हे मोजू नये. किती पुस्तके घरी गेली आणि त्यांतली किती पाने मळून परत आली, हे मोजावे. ज्या वाचनालयातील बालपुस्तके कोरी करकरीत आहेत, त्याचा हिशेब कितीही चोख असला, तरी त्याचे काम अजून सुरू व्हायचे आहे, असेच आम्ही म्हणू.